तू नेमका कुठे उभा होतास?

मागच्या रविवारी वणीत माझ्या घरी आमचा गेम भांडणामुळे बंद पडला. गेम म्हणजे मोबाइलवरचा नाही. टेबलाभोवती पाच जण, फासे, प्रत्येकाचं एक पात्र, आणि गोष्ट चालवणारा गेम मास्टर म्हणजे मी. गावावर दरोडा पडला. मी म्हटलं, "तू विहिरीपाशी होतास, तुला दार गाठता येणार नाही." मित्र म्हणाला, "अबे, विहीर दारासमोरच आहे!" अर्धा तास वाद. मग सगळे उठून गेले.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला विचार आला चौकटींचा. कागदावर ग्रिड आखायची, सोंगट्या ठेवायच्या, विषय संपला. पण ही युक्ती आली कुठून, ते शोधत बसलो.

1812 मध्ये प्रशियाच्या राजाला रायसविट्झ नावाच्या माणसाने एक युद्धखेळ दाखवला. त्यात जमिनीचे तुकडे जोडून रणभूमी तयार व्हायची. 1824 मध्ये त्याच्या मुलाने तो खेळ खऱ्या प्रमाणबद्ध नकाशावर आणला. सैन्याचे ठोकळे मोजून सरकवायचे आणि निर्णय पंचाने द्यायचा. पुढे अमेरिकेत 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. तोही युद्धखेळांतूनच निघालेला, म्हणून त्यातली अंतरं इंचात होती. तळघरात एक इंच म्हणजे दहा फूट.

आपल्याकडेही सारीपाट आहे. पण सोंगटीचं घर पटापुरतं. खऱ्या गावात माणूस कुठे होता, हे कुणी टिपलं का?

टिपलंय, आणि मराठीत! तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गावोगाव फिरले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त जमवल्या. नंतर महानुभावांनी 'स्थानपोथी' तयार केली. आपल्या विदर्भातल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी या दोन्ही ग्रंथांचं संपादन केलं. स्थानपोथीत नकाशा नाही, चौकटी नाहीत, फक्त शब्द आहेत. गावाच्या कोणत्या बाजूला देऊळ, त्याचं तोंड कुठे, स्वामी त्याच्या कोणत्या अंगाला बसले. बसले ती जागा आसन, रात्र काढली ती वसती, जास्त दिवस राहिले ते अवस्थान.

एवढी काटेकोर नोंद कशासाठी? कारण त्या जागेला नमस्कार करायचा असतो. जागा चुकली तर नमस्कारही चुकला. आणि आमच्या भाषेत सांगायचं तर यात प्रत्येक जागा दुसऱ्या जागेवरून सांगितलेली आहे. पहिली खूण पक्की पाहिजे, ती हरवली की पुढची साखळी तुटते.

हे वाचल्यावर मित्राचा राग कळला. गेममधलं गाव त्याच्या गावावरून घेतलं होतं. ते गाव कोळशाच्या खाणीसाठी उठलं. आता तिथे खड्डा आहे. मी मात्र त्याची विहीर मला वाटेल तिथे ठेवली होती.

त्याच्याकडे गेलो. म्हटलं, चुकलं माझं, तू सांग, मी लिहितो. सुरुवात मारुतीच्या देवळापासून केली. देवळाचं तोंड पूर्वेला. डाव्या हाताला पार. पारावरून सरळ त्याचं घर. तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला, "पार उजव्या अंगाले होता, बापू." खोडलं, पुन्हा लिहिलं. रात्री अकरापर्यंत तीन पानं झाली.

या रविवारी खेळ परत सुरू झाला. ग्रिड नाही आखली. आता आपली पाळी आली की प्रत्येकाने आधी मोठ्याने सांगायचं, मी कशाच्या कोणत्या बाजूला उभा आहे. सगळे "हो" म्हणाले, तरच फासा टाकायचा. विहीर दारासमोरच आहे.

तुमच्या घरात कुणाला असं एखादं गाव आठवत असेल, तर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा, देवळाचं तोंड कुठे होतं? भेटू पुढच्या भागात.