बुद्धिजीवी, मराठी कथात्म साहित्यातील

विद्या, लेखन, अध्यापन वा समाजचिंतन हेच ज्याचे जीवितकार्य आहे, अशा व्यक्तीचे कथा-कादंबऱ्यांतील चित्रण. अशा व्यक्तिरेखांच्या मुळाशी बहुधा मान्यतेची आकांक्षा आढळते. आपले श्रेष्ठत्व इतरांनी मानावे, एवढाच तिचा अर्थ नाही. आपण जे आहोत, त्याच रूपाने इतरांनी आपल्याला जाणावे, अशीही तीत अपेक्षा असते. मराठीत ‘मान्यता’ आणि ‘ओळख’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आधुनिक मराठी कथासाहित्यातील बुद्धिजीवींचा इतिहास बऱ्याच अंशी या दोहोंमधील अंतराचा इतिहास होय.

हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने १८०७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार आत्मभानाला दुसऱ्या आत्मभानाकडून मान्यता मिळावी लागते आणि मान्यता देणारा स्वतंत्र नसेल, तर ती व्यर्थ ठरते. एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय कादंबरीने, विशेषतः तुर्गेन्येव्हच्या रूदिन (१८५६) व पिता आणि पुत्र (१८६२) या रशियन कादंबऱ्यांनी, बुद्धिमान परंतु समाजात स्थान न सापडलेला नायक प्रतिष्ठित केला. मराठीत या प्रश्नाला जातिव्यवस्थेमुळे निराळे वळण लागले.

पूर्वकाल : हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या मी (१८९३–९५) या कादंबरीचा नायक भावानंद हा समाजसेवेला आयुष्य वाहून घेणारा सुशिक्षित तरुण आहे. शीर्षकातील ‘मी’ आणि नायकाचे आत्मविलोपन यांतील विरोध लक्षणीय आहे. कीर्तीचा त्याग करणाऱ्यालाही आपली कहाणी सांगावीशी वाटते. वामन मल्हार जोशी (१८८२–१९४३) यांनी रागिणी (१९१५) व सुशीलेचा देव (१९३०) या कादंबऱ्यांतून तात्त्विक वादविवादाला कथानकात स्थान दिले. त्यांची पात्रे एकमेकांस पटवू पाहतात आणि ऐकून घेणारा समान पातळीवरचा आहे, हे गृहीत धरतात. सुशिक्षित मध्यमवर्गापुरते ते गृहीत बरेचसे खरे होते.

या वर्तुळातील स्त्रीला मात्र तशी खात्री नव्हती. कळ्यांचे निःश्वास (१९३३) या कथासंग्रहात सुशिक्षित तरुणींची घुसमट प्रकट झाली, तेव्हा मोठे वादळ उठले. लेखिकेने ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव घेतले होते. मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) या त्यांच्या खऱ्या नावाचा उलगडा पुढे झाला. लेखन मान्य व्हावे, पण लेखिका ओळखली जाऊ नये, अशी ही कोंडी होती.

नासिकची परंपरा : नासिक येथे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह येथेच २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि धर्मांतराची घोषणा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे केली. मान्यतेचा प्रश्न येथे ग्रंथांत येण्यापूर्वी देवळाच्या दाराशी उभा राहिला होता.

येथील महाविद्यालयात अध्यापन करणारे वसंत कानेटकर (१९२०–२०००) यांनी आरंभी कादंबऱ्या लिहिल्या. तथापि त्यांचे बुद्धिजीवी नायक प्रामुख्याने नाटकांत आढळतात. अश्रूंची झाली फुले (१९६६) मधील विद्यानंद या सत्त्वशील प्राचार्याची प्रतिष्ठा हिरावली जाताच तो सूडाच्या मार्गाला लागतो. सदाचार हा कितपत स्वयंभू आणि कितपत समाजाच्या आदरावर पोसलेला, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. हिमालयाची सावली (१९७२) मध्ये थोर पुरुषाच्या लौकिकाची किंमत त्याच्या पत्नीने मोजलेली दिसते.

१९६३ हे वर्ष : या वर्षी दोन निर्णायक पुस्तके प्रसिद्ध झाली. भालचंद्र नेमाडे (१९३८–) यांच्या कोसला मधील पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकायला येतो, महाविद्यालयीन जीवनात मोठेपणा मिळवू पाहतो आणि अखेर सर्व निरर्थक मानून गावी परततो. बिढार (१९७५) व पुढील कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील हा प्राध्यापक गावोगावच्या महाविद्यालयांत भटकतो. मान्यतेच्या हव्यासासाठी नेमाड्यांनी एका लेखात योजलेला ‘लेखकराव’ हा उपरोधिक शब्द पुढे रूढ झाला.

दुसरे पुस्तक नासिकजवळील विहितगावी जन्मलेल्या बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांचा जेव्हा मी जात चोरली होती हा कथासंग्रह. शीर्षककथेचा निवेदक कवी असून रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातमधील उधना येथे येतो. जात विचारली असता तो उत्तर टाळतो. त्याच्या विद्वत्तेचा व काव्याचा सहकारी गौरव करतात. परंतु जात उघड होताच तेच त्याला मारहाण करतात. जात न लपविणारा काशीनाथ सकपाळ त्याला सोडवतो. या घटनेचा दोष निवेदक व्यक्तींना न देता त्यांना घडविणाऱ्या मनुप्रणीत व्यवस्थेला देतो. सांगवीकर मान्यता नाकारू शकतो, कारण परतण्यास घर व शेत आहे. बागुलांच्या निवेदकाला मात्र मान्यता मिळते ती ओळख लपेपर्यंतच. म्हणून कोसलातील विरक्तीला सार्वत्रिक मानता येत नाही [→ दलित साहित्य].

हाच दुभंग दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या आत्मकथनात रचनेचा भाग झाला आहे. त्यात सुशिक्षित, नावारूपाला आलेल्या लेखकासमोर त्याचेच पूर्वरूप दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो. प्रसिद्धी एकाला मिळाली, दुःख दुसऱ्याचे आहे, ही जाणीव कथनास चालना देते.

मूल्यमापन : मान्यतेच्या आकांक्षेला केवळ अहंकार समजणारी टीका अपुरी ठरते. ज्याला ती जन्मतःच लाभली, त्याच्या ठिकाणी ती हव्यासाचे रूप घेऊ शकते. ज्याला ती नाकारली गेली, त्याच्या ठिकाणी ती न्यायाची मागणी असते. मात्र उपरोध व मागणी यांचे लक्ष्य असलेल्या संस्थाच पुढे सन्मान देतात. नासिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे १९९१ पासून देण्यात येणारा जनस्थान पुरस्कार बागुलांना २००७ मध्ये व नेमाड्यांना २०१३ मध्ये प्राप्त झाला. बागुलांना तो त्यांच्याच जिल्ह्यात, निधनाच्या आदल्या वर्षी व पहिल्या संग्रहानंतर चव्वेचाळीस वर्षांनी मिळाला. त्यांच्या निवेदकाला लपवावी लागलेली ओळख हीच त्यांच्या साहित्याच्या मान्यतेचा आधार ठरली होती.