एकच काम जाणणारी चिप

नायगावच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या मुलांपुढे संगणकाच्या इतिहासावर बोलण्याचा योग गेल्या वर्षी आला. भाषण संपल्यावर दहावीतला एक मुलगा पुढे आला. तळहातावर मावणारा एक फलक विकत मिळतो, तो घरबसल्या बिटकॉइन ‘खणतो’. वडिलांनी संगणकासाठी साठवलेल्या पैशांतून तो घ्यावा, की त्याहून सरस फलक आपणच आखावा, असे तो विचारत होता. मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही. प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या इतिहासात आहे.

‘खणणे’ हा शब्द मुळात फसवा. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या व्यवस्थेत व्यवहारांचा एकेक गट सामायिक नोंदवहीत चढवण्यासाठी एक कोडे सोडवावे लागते. गटाच्या ८० बाइटांच्या मथळ्यावर ‘एसएचए-२५६’ ही गणिती प्रक्रिया दोनदा करायची आणि येणारी २५६ बिटांची संख्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान यायला हवी. मथळ्यातला एक बिट बदलला तरी उत्तर पार बदलते, त्यामुळे युक्ती चालत नाही. मथळ्यातला एक आकडा बदलत राहायचे आणि पुन्हापुन्हा करून पाहायचे. ज्याला आधी जमेल त्याला नवी नाणी मिळतात. आरंभी ती ५० होती, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहेत.

सुरुवातीला हे काम घरचा संगणक करी, सेकंदाला काही दशलक्ष प्रयत्न. पण या कामात संगणकाची बरीचशी हुशारी वाया जाते. प्रक्रियेच्या ६४ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत ३२ बिटांच्या संख्यांची बेरीज, काही तर्कक्रिया आणि बिट गोलाकार सरकवणे, एवढेच. यातले सरकवणे तर मोठे मौजेचे आहे. संगणकाला त्यासाठी वेगळी आज्ञा वाचून पाळावी लागते; स्वतंत्र मंडल बांधले तर नुसत्या तारा तिरक्या जोडल्या की काम झाले, एकही जादा घटक लागत नाही! शिवाय मोठ्या स्मृतीची गरज नाही. खास यंत्र बांधावे असे हे काम आहे.

२०१० मध्ये लोकांनी खेळांसाठी बनलेली चित्रप्रक्रियक कार्डे याला जुंपली आणि वेग सेकंदाला वीस ते चाळीस कोटींवर नेला. २०११ मध्ये एफपीजीए आले, म्हणजे ज्यांच्या आतली जोडणी हवी तशी बदलता येते अशा चिप. वेग साधारण तेवढाच, पण वीज कितीतरी कमी. जानेवारी २०१३ मध्ये ‘अ‍ॅव्हलॉन’ हे केवळ याच कामासाठी घडवलेल्या चिपचे यंत्र ग्राहकाच्या हाती पडले. वेग सेकंदाला ६० अब्जांहून अधिक. जुन्या छापखान्याची आठवण असलेल्यांना सांगायचे तर एफपीजीए म्हणजे खिळे जुळवणे आणि खास चिप म्हणजे कोरलेला ब्लॉक. ब्लॉक झकास छापतो, पण त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही.

त्याच वर्षी पेनड्राइव्हएवढी यंत्रेही आली. अडीच वॅट विजेवर सेकंदाला ३३ कोटी प्रयत्न, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे अख्खे कार्ड खिशात! तरीही वर्ष-सव्वा वर्षात ती दिवसाला एक रुपयाही मिळवून देईनाशी झाली. यंत्र बिघडले नव्हते. बिटकॉइनच्या नियमानुसार दर २०१६ गटांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोड्याची मर्यादा अशी बदलते की सर्वांचा वेग कितीही वाढो, गट सरासरी दहा मिनिटांनी एकच निघावा. साऱ्या जगाने दुप्पट वेगाची यंत्रे घेतली तरी नाणी तेवढीच. वाढते ते फक्त विजेचे बिल. या एका नियमाकडे दुर्लक्ष केल्याने आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना मोठी झळ पोहोचली. खननाच्या नावावर दरमहा दहा टक्के, असे अठरा महिने देण्याचे आश्वासन ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने दिले होते. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकांना फसवणुकीच्या आरोपाखाली अटक केली. जे उत्पन्न नियमानेच घटत जायचे, ते महिन्यामागून महिने ठरावीक कसे राहील, हे कोणी विचारलेच नसावे.

एकाच कामाची चिप महाराष्ट्रात मात्र याच्या बरीच आधी येऊन पोहोचली होती, नारायणगावजवळ खोडदला. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशाचे चित्र मिळवायचे तर प्रत्येक जोडीच्या संकेतांचा गुणाकार करावा लागतो, आणि जोड्या होतात ३० × २९ ÷ २, म्हणजे ४३५. हे सतत आणि जागच्या जागी करणे नव्वदीच्या दशकातल्या साध्या संगणकांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून खास चिपचा सहसंबंधक उभारला गेला. पुढे २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह आणि आज्ञावली यांनी त्याची जागा घेतली. आता अद्ययावत दुर्बिणीत एफपीजीए आणि चित्रप्रक्रियक मिळून हे काम करतात. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकणारी दुर्बीण आज ४०० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते.

क्रम बघा, अगदी उलटा आहे. खननात संगणकाकडून खास चिपकडे, खोडदला खास चिपकडून संगणकाकडे. खगोलशास्त्रज्ञाचा प्रश्न रोज बदलतो. आज स्पंदक तारा, उद्या दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन. कोड्याचा प्रश्न २००९ पासून एका अक्षरानेही बदललेला नाही, म्हणून तिथे तो सिलिकॉनमध्ये कोरून टाकणे परवडते. आणि खोडदला वाढलेला वेग दोन आठवड्यांनी कोणी काढून घेत नाही.

त्या मुलाला मी फळ्यापाशी नेले. त्याचा फलक सेकंदाला ५०० अब्ज प्रयत्न करणारा, म्हणजे पाचावर अकरा शून्ये. २०२५ मध्ये जगातल्या सर्व यंत्रांचा मिळून वेग एकावर एकवीस शून्यांच्या घरात पोहोचला. भागाकार त्यानेच केला: दोनशे कोटी गटांमागे एक. गुणिले दहा मिनिटे. त्याची वर्षे केल्यावर आकडा निघाला सुमारे ३८,०००. तो जरा वेळ फळ्याकडे बघत राहिला.

“सर, म्हणजे सरासरी. उद्याही लागू शकतो ना?”

“लागू शकतो. लॉटरीसारखा.”

“आणि नाही लागला, तर त्या चिपवर दुसरं काय करता येतं?”

“काहीच नाही.”

मग त्याने विचारले, संगणक घेतला आणि शिकण्यासाठीचा एखादा लहान एफपीजीए फलक मिळवला, तर हॅशचे मंडल स्वतः आखून चालवता येईल का? येईल, म्हटले, आधी एक फेरी आखून बघ. फळ्यावर आम्ही त्या एका फेरीच्या तारा काढायला बसलो आणि माझी साडेपाचची लोकल चुकली.