पागेपासून पार्किंगपर्यंत

शिवकाळातल्या राज्यकारभाराची वर्णनं वाचताना 'अठरा कारखाने, बारा महाल' हा उल्लेख हमखास भेटतो. बारा महालांच्या यादीत घोड्यांची पागा आहे, गुरांची थट्टी आहे, पालखी आहे आणि वहिली, म्हणजे रथ-गाड्यांचं खातंही आहे. वाहन बाळगायचं तर ते ठेवायची सोय, राखायला माणूस आणि या दोन्हींचा खर्च मालकाने सोसायचा, हा रिवाज इतका जुना आहे. पुण्यात मंडईजवळचा गाडीखाना आज महापालिकेच्या दवाखान्यामुळे लोकांना ठाऊक आहे. नाव तेवढं गाड्यांचं उरलं. आणि आज मुंबई-पुण्यात रात्री कुठल्याही गल्लीत शिरा, कुंपणाला चिकटून गाड्यांची रांग उभी असते. एकूण एक गाडीला मालक आहे, पण ठेवायला जागा नाही. हा रिवाज नेमका कुठे मोडला?

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. घोडा रात्रभर पावसात बांधून ठेवता येत नाही. त्यामुळे मुंबईच्या बड्या बंगल्यांमागे तबेला असे, लगत बग्गीची खोली आणि वर किंवा बाजूला मोतद्दाराची पथारी. विसावं शतक उजाडताना मोटार आली. जमशेटजी टाटांचं नाव शहरातल्या पहिल्या भारतीय मोटारमालकांत घेतलं जातं. या नव्या पाहुणीसाठी वेगळी जागा शोधायची गरज पडली नाही. घोडे गेले, बग्गी गेली, त्याच खोलीत मोटार आली आणि मोतद्दाराच्या पथारीवर ड्रायव्हर आला. गाडी घरापासून चार हात लांब असणं सोयीचंच होतं, कारण पेट्रोल डब्यांतून येई आणि आगीची धास्ती असे.

त्या काळच्या मोटारीला छप्पर लागायचं ते मिरवण्यासाठी नव्हे. तिच्या बॉडीत लाकडाचा सांगाडा होता, वर कापडी टप, आत चामड्याच्या सीटा, पुढे पितळी दिवे. रंग म्हणजे हाताने चढवलेले वॉर्निशचे थर. एकेक थर वाळायला दिवसचे दिवस जात. अशी गाडी कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिली तर टप कुजणार, चामड्यावर बुरशी धरणार आणि लाकूड फुगणार. नीट राखली तर तीच गाडी किती टिकते, हे पाहायला कोल्हापूरच्या दसऱ्याला जावं. छत्रपती घराण्याची 1930च्या दशकातली मेबॅक तिथल्या शाही सोहळ्यात आजही लोकांसमोर येते.

गॅरेजचे खरे वैभवाचे दिवस 1930 आणि 40च्या दशकांतले. मरीन ड्राइव्ह, ओव्हल, दादर, शिवाजी पार्क या भागांत तेव्हा उठलेल्या अनेक इमारतींच्या मागच्या बाजूला गॅरेजांची बैठी ओळ दिसते. तीन बाजूंनी भिंती, पुढे लाकडी फळ्यांचं दार, कोपऱ्यात पाण्याचा नळ, कोब्यावर ऑइलचे काळे डाग. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 'जागा' कशाला म्हणायचं हे सांगताना इमारतीला जोडून असलेल्या बागा, मोकळं आवार आणि आउटहाउस यांच्या पंगतीला गॅरेजलाही बसवलं. म्हणजे गाडीच्या खोलीलाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. बाहेर जागेचे भाव चढत गेले आणि गॅरेजचं भाडं जागच्या जागी राहिलं. मग जे व्हायचं तेच झालं. फळ्यांच्या दारांना शटर लागली आणि आत इस्त्रीवाला, झेरॉक्सवाला, दवाखाना, इस्टेट एजंट असे एकेक जण शिरले. गाडी आवारात आली, आवार भरल्यावर रस्त्यावर.

तिला बाहेर काढणं परवडलं, कारण दरम्यान गाडीच बदलली होती. बंद पोलादी बॉडी आल्यावर कापडी टपाची चिंता मिटली, पण पत्रा गंजायचा तो गंजायचाच. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या पद्मिनी मोटारीची चटई उचलली की खालचा रस्ता दिसायचा, ही त्या पिढीची थट्टा निव्वळ थट्टा नव्हती. दर दोन-तीन वर्षांनी डेंटरकडे जायचं, सडलेला पत्रा कापून तुकडा वेल्ड करायचा, लांबी भरायची, रंग मारायचा. पुढे अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवायची पद्धत आली, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला, रंगावर पारदर्शक कोट आला. आजही उन्हाने डॅशबोर्ड फिका पडतो, वायपरचं रबर कडक होतं, पक्ष्यांची शीट रंग खाते आणि जुलैत झाडाची फांदी टपावर कोसळते. पण उघड्यावर ठेवली म्हणून गाडी सडली, असं आता सहसा होत नाही. उलट भिजलेली गाडी हवा न खेळणाऱ्या बंद खोलीत कोंडली तर ओल तिथेच मुरते आणि स्टिअरिंगवर बुरशी चढते.

गाडीची छपराची गरज सरली, पण जागेची गरज काही सरली नाही, उलट वाढली. पद्मिनी साधारण 3.9 मीटर लांब आणि दीड मीटरहून कमी रुंद होती. आजची इनोव्हा हायक्रॉस पावणेपाच मीटर लांब आणि 1.85 मीटर रुंद आहे. जुन्या गॅरेजात ती कशीबशी घातलीच, तर दार उघडून उतरायचं कसं हा प्रश्न. मुंबईच्या 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गाडीसाठी 2.5 बाय 5.5 मीटरची जागा धरली होती, म्हणजे सुमारे 148 चौरस फूट. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, आणि तीत पिढ्यान् पिढ्या अख्खी कुटुंबं राहिली.

एवढी महाग जागा मग विकायलाच निघाली. इमारत खांबांवर उचलायची आणि खाली गाड्या लावायच्या, हा स्टिल्टचा प्रकार बिल्डरांच्या सोयीचा ठरला, कारण ती पार्किंगची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकामक्षेत्रात, मोजली जात नाही. न मोजलेली जागा वेगळा भाव लावून विकायची, असा धंदा वर्षानुवर्षं चालला. दहिसरच्या पांचाली सोसायटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या मोफा कायद्यातल्या फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेज येतं, तेव्हा स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेजच आणि ती आम्ही विकू शकतो, असं बिल्डरचं म्हणणं होतं. 31 ऑगस्ट 2010 रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. फ्लॅट घेणारा माणूस गॅरेज म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा असते. खांबांमधली मोकळी जागा ही सगळ्यांच्या सामायिक सोयींचा भाग आहे. 2016च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या आली ती याच छपराची आणि तीन भिंतींची. घोड्यासाठी बांधलेल्या खोलीचा आराखडा असा एकविसाव्या शतकाच्या कायद्यात येऊन बसला, तोही शहरात अशा खोल्या जवळपास कोणी बांधत नसताना.

न्यायालयाने विक्री थांबवली. पण जागा कुठून वाढवणार? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायची तरतूद आहे. वार्षिक सभेत सगळ्यात जास्त आवाज कोणत्या विषयावर चढतो, हे कुठल्याही सेक्रेटरीला विचारा. ज्याची चिठ्ठी निघत नाही, त्याची गाडी फाटकाबाहेर जाते आणि त्या जागेचं भाडं तो कोणालाच देत नाही. ते भरतो रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, गल्लीत वळायला जागा न मिळणारा अग्निशमनचा बंब.

जपानने या प्रश्नाला 1962मध्येच हात घातला. तिथे गाडी नोंदवताना ती ठेवायला राहत्या ठिकाणाजवळ जागा असल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. आपल्याकडे मे 2025मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नवी गाडी नोंदवली जाणार नाही, असं जाहीर केलं. म्हणजे बारा महालांचाच हिशेब: वाहन ज्याचं, ते ठेवायची सोयही त्याचीच. तत्त्वाने ते रास्त आहे. पण नवा नियम फक्त नव्या गाडीला अडवेल. आज रस्त्यावर उभ्या असलेल्या लाखो गाड्या त्यातून सुटतील. आणि ज्या इमारतींच्या मंजूर नकाशांत गॅरेज आहे, त्यांच्या शटरमागे आज काय चालतं, हे तपासायला कोणी जात नाही. दाखला मागायचा असेल तर पहिला हिशेब त्या खोल्यांचा मागायला हवा.