झोळीचा आधार

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी संप्रदाय या गावास वंदन करतो. स्वतःला नामदेवांची दासी म्हणविणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत दळणकांडणासारखी बायकांची नित्याची कामे भक्तीचा विषय झाली. मात्र अशी कामे आणि वारंवारची बाळंतपणे यांचा स्त्रीच्या शरीरावर जो भार पडतो, त्याविषयी समाजाने शतकानुशतके मौनच पाळले. ओटीपोटाखालचे स्नायू व बंध सैल पडले म्हणजे खोकताना, शिंकताना किंवा भरलेला हंडा उचलताना नकळत लघवी सुटते. हा रोग प्राणावर बेतणारा नव्हे. परंतु त्याच्या धास्तीने स्त्री देवळात, पंगतीत, प्रवासाला जाण्याचे टाळते, आणि त्याचे कारण सख्ख्या बहिणीसही सांगत नाही.

या विकाराचे मर्म समजण्यास कठीण नाही. पखालीचे मऊ तोंड एका बोटाने दाबून बंद करावयाचे, तर पलीकडून दुसऱ्या हाताचा आधार लागतो. मूत्रमार्गाचेही तसेच आहे. पोटातील दाब वाढला असता ती नळी मिटावयाची, तर तिच्याखाली काही घट्ट असावे लागते. तो आधार खचला, तर तेथे झोळीसारखी पट्टी बांधावी, या विचारातून जी शस्त्रक्रिया जन्मास आली तिला ‘स्लिंग’ असे नाव मिळाले. १९१० साली जर्मनीतील गोबेल या शस्त्रवैद्याने ओटीपोटातील एक लहानसा स्नायू वळवून ही झोळी केली. फ्रांगेनहाइम व श्टॉकेल यांनी १९१७ पर्यंत तीत सुधारणा केल्या. १९४२ साली न्यूयॉर्कच्या आल्ड्रिज यांनी पोटाच्या स्नायूंवरील चिवट आवरणाच्या पट्ट्या त्याच कामी योजिल्या. या सर्वांनी आधाराचे द्रव्य रुग्णेच्याच शरीरातून घेतले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतही झोळीच्या कल्पनेवर स्वतंत्र विचार झाला. पण तो अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याच्या, निराळ्या व्याधीसाठी. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर, तसेच मुंबईचेच डॉक्टर पुरंदरे, यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या झोळीच्या शस्त्रक्रिया आजही पाठ्यग्रंथांत आढळतात. तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता पट्टीने सावरून धरावे, म्हणजे तिची मातृत्वाची आशा कायम राहील, हा त्यांमागील हेतू होता. गर्भ टिकावा म्हणून गर्भाशयाचे मुख बांधण्याची शिरोडकरांची १९५५ सालची जगप्रसिद्ध क्रियाही प्रारंभी मांडीतील चिवट आवरणाच्या पट्टीनेच होत असे. पुढे अशा कामी कृत्रिम धाग्याच्या फिती वापरात आल्या.

मूत्रविकारात कृत्रिम जाळीचे युग खऱ्या अर्थाने सुरू केले ते स्वीडनमधील उप्साला येथील उल्फ उल्मस्टेन यांनी. त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पॉलिप्रॉपिलीनची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली सैलसर बसवीत. केवळ जागा बधिर केलेली असल्याने रुग्णेस खोकावयास सांगून पट्टीचा ताण ठरविता येई. मोठी चीर नाही, दीर्घ अंथरूण नाही. ही क्रिया जगभर पसरली यात नवल नव्हते, आणि असंख्य स्त्रियांना तिने सुख दिले हेही खरे.

परंतु प्रसाराचा वेग परीक्षेपेक्षा अधिक ठरला. अमेरिकेत १९९८ साली या पट्टीस अनुमती मिळाली ती आधीच्या एका कृत्रिम पट्टीशी साम्य दाखवून. आणि ती आधीची पट्टी १९९९ साली बाजारातून परत घ्यावी लागली! काही स्त्रियांत जाळी योनीच्या भित्तीतून बाहेर आली, काहींना असह्य वेदना जडल्या. शरीराचे मांस जाळीच्या छिद्रांतून वाढत असल्याने ती काढणेही दुर्घट होते. २००८ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या सूचनेत, तीन वर्षांत विविध प्रकारच्या जाळ्यांविषयी हजारांहून अधिक तक्रारी आल्याचे नमूद होते. इंग्लंडने २०१८ साली तिच्या वापरास विराम दिला; २०२० साली ज्युलिया कंबरलेज यांच्या चौकशी-अहवालाने स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे उडवून लावल्या गेल्याचे उघड केले. अमेरिकेने २०१९ साली योनिमार्गे अंग सावरण्याच्या जाळीची विक्री थांबविली. मूत्रमार्गाची पट्टी मात्र त्या आज्ञेत नव्हती. दोहोंतील भेद विसरू नये.

आता प्रथम उपाय म्हणून १९४८ साली लॉस एंजेलिसच्या केगेल यांनी प्रतिपादिलेला ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम, निदान तीन महिने, सांगितला जातो. त्याने गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि त्यात स्वतःच्या शरीरातील पट्टीची जुनी झोळी पुन्हा मानाने परतली आहे. प्रथम लज्जेमुळे स्त्री बोलली नाही. ती बोलू लागली तेव्हा तिचे ऐकले गेले नाही. झोळी कशाची करावी, हा प्रश्न शस्त्रवैद्याचा खरा. पण तिने आधार दिला की इजा केली, हे सांगण्याचा अधिकार ती जिच्या शरीरात आहे त्या स्त्रीचाच होय.