भुताला बंद दार लागतं

परवा शनिवारी रात्री अकरा वाजता आईचा फोन. मी ऑफिसात, रिलीजमध्ये अडकलेलो. "बाबा गावाला गेलेत. तू कधी येतोयस?" बस, एवढंच. घरी पोचलो तर सगळ्या खोल्यांतले दिवे चालू आणि आई हॉलमध्ये टीव्ही लावून बसलेली.

मंडळी, ही तीच बाई, जिने हिंदमाताच्या मागच्या आमच्या चाळीत दिवसा कधी दाराला कडी लावली नाही. रामसेंचे भुताचे सिनेमे जिने शेंगदाणे खात, खिदळत बघितले. म्हटलं, काय झालं गं? "काही नाही रे. इथे फार शांत असतं."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपल्या भयपटांचा साचा सगळ्यांना पाठ असतो: पांढरी साडी, मेणबत्ती, करकरणारं दार, कंदील घेतलेला म्हातारा चौकीदार. पण यातलं काहीही वगळलं तरी सिनेमा चालतो. एकच गोष्ट वगळता येत नाही. रिकामं घर!

हा साचा पक्का केला १९४९ च्या 'महल'ने. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन. ओसाड वाडा, त्यात एकटा अशोककुमार आणि कुठून तरी येणारा लताबाईंचा आवाज. तो लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या दूरून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. शेवटी ती मधुबाला म्हणजे माळ्याची मुलगी निघते. (पंचाहत्तर वर्षांनंतर याला स्पॉयलर म्हणू नका!) पुढे 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी' (१९६४) यांतही भुतामागे माणूसच होता. म्हणजे भूत खोटं, पण एकटेपणा खरा.

मग आले रामसे बंधू. त्यांनी भूत खरं करून टाकलं. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला, कमी पैशांत, सगळं खानदान कामाला लावून काढला. जुना बंगला आयताच मिळाला की सेटचा खर्च वाचतो. म्हणजे हवेली ही जितकी भीतीची गरज, तितकीच बजेटची. (आमच्या प्रोजेक्टचं आर्किटेक्चरही असंच ठरतं, असो.) १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरीचं मुंडकं पेटीत बंद असतं. आणि ते बघायला शहरातल्या पोरांना आधी गाडीत घालून आडरानातल्या हवेलीत न्यावं लागतं.

का न्यावं लागतं? कारण सामरी परळच्या चाळीत आला असता तर त्याचं काय झालं असतं? एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं. पहिल्या किंकाळीला चाळीस माणसं गॅलरीत. कुणीतरी विचारलं असतं, "कोण पाहिजे?" चाळीत भुताच्या गोष्टी नव्हत्या असं नाही, रग्गड होत्या. पण ती भुतं पिंपळावर, नाहीतर गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या वाटेवर. खोलीत त्यांना जागाच नव्हती. आम्हालाच नव्हती!

मला वाटतं, आपली मराठी सिनेमातली भुतं विनोदी का, याचं एक कारण इथेच आहे. 'एक डाव भुताचा' (१९८२) मधलं अशोक सराफांचं भूत दोस्ती करतं. 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचू खून करतो, तरी आपण हसतो. आजूबाजूला आई, मामा, हवालदार, शेजारीपाजारी असले की भीतीला एकटं माणूस सापडतच नाही.

दरम्यान १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. हळूहळू गिरण्या गेल्या आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. रामगोपाल वर्मांच्या 'भूत'ने (२००३) हे बरोबर हेरलं. हवेली नाही, गाणी नाहीत. मुंबईतल्या टॉवरमधला फ्लॅट, नवरा कामावर, ऊर्मिला एकटी. आधीची भाडेकरू त्या घरात गेली, हे नवऱ्याला माहीत असतं, पण तो बायकोला सांगत नाही. आता भुतासाठी आडरानात जायची गरजच उरली नव्हती. लिफ्टने वर गेलं की झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. कुणी "चाळ किती छान होती" म्हणून गळा काढला की मला राग येतो. सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहिलेला माणूस असं बोलत नाही. आईलाही चाळ परत नकोय, मी विचारलं. स्वतःचं बाथरूम तिला तीस वर्षांनी मिळालंय.

पण त्या घराला एक दार आलं, ते लागतं, आणि त्यामागे ती दिवसभर एकटी असते. हे मला कळायला एक सिनेमावेडा मेंदू आणि रात्री अकराचा फोन लागला. 'भूत'मधल्या नवऱ्याला नावं ठेवत होतो. मी तरी वेगळं काय करतोय? आईला काय होतंय ते दिसत होतं, विचारलं मात्र नव्हतं.

पुढच्या रिलीजला घरूनच काम करणार आहे. मॅनेजर कारण विचारेल. काय सांगू, घरात भूत आहे म्हणून? :-)