कात, कायदा आणि हजेरी

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात शिकवणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा कातकरवाडीतली मुले पटावर असतात, वर्गात नसतात. आईवडील उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेले असतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर. ती परततात पावसाच्या तोंडावर. आणखी एक गोष्ट आपण पाहिलेली असते. गावात कुणाची कोंबडी किंवा भाताची गोणी नाहीशी झाली, की पहिली नजर त्याच वाडीकडे वळते. ही नजर कुठून आली याचा माग काढू लागलो, की गुन्हेगाराला शिक्षा द्यावी की सुधारावे या जुन्या वादात आपण येऊन पोचतो.

सुरुवात नावापासून करू. कात करणारे ते कातकरी. खैराच्या झाडाचा तांबडा गाभा तासून त्याचे ढलपे मातीच्या मडक्यांत उकळायचे, ते पाणी आटवून दाट करायचे आणि थंड करायचे, असा हा धंदा. यात रसायनशास्त्र आहे. गाभ्यातील कॅटेचिन हे द्रव्य गरम पाण्यात चांगले विरघळते, गार पाण्यात फारच थोडे. म्हणून अर्क थंड झाला की ते खाली बसते आणि टॅनिनचा बराचसा भाग वरच्या पाण्यात राहतो. पानाचा कात गरम पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, तर वर्गातही हे दाखवता येईल. त्याच पाण्यात हिराकसाचा खडा टाकला तर रंग हिरवट काळा होतो. शाळेत कधीही न गेलेल्या माणसांनी तापमान आणि विद्राव्यता यांचा संबंध हाताने शिकून घेतला होता, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ.

या धंद्याला जंगल लागत होते. १८५६ मध्ये आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली. रुळांखालच्या स्लीपरना आणि इंजिनांना लाकूड हवे होते. मुंबईलाही जळण हवे होते. जंगलाची किंमत सरकारच्या लक्षात आली. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली. परवानगीवाचून राखीव जंगलातले झाड तोडणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा किंवा पाचशे रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा ठरला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. तो कुलाब्यात आला १८९१ मध्ये. या दोन जिल्ह्यांत जंगलाच्या नियमांविरुद्ध इतकी ओरड झाली, की सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. तोवर काताची भट्टी विझत चालली होती. कालपर्यंत जो धंदा होता तो आता गुन्हा झाला होता, आणि तो करणाऱ्याचा स्वभाव मात्र बदललेला नव्हता.

पोटाला नाही म्हणून शेतातले धान्य उचलले गेले, हे घडले नाही असे नव्हे. पण त्या काळच्या सरकारी लिखाणात त्याची नोंद जमातीचा गुण म्हणून झाली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. कातकऱ्यांवर लिहिणारे अभ्यासक त्यांनाही या कायद्याच्या शिक्क्याखाली मोजतात. कैकाडी, पारधी, मांग गारुडी यांच्यावर तो विशेष कडकपणे बसला. कायद्यामागचा तर्क असा होता, की सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार.

हे विधान तपासता येण्याजोगे आहे. पण ते कुणी तपासले नव्हते. इटलीत लोम्ब्रोझोने जन्मजात गुन्हेगार कवटीच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून ओळखता येतो असे सांगितले, ते १८७६ मध्ये. म्हणजे आमच्याकडचा कायदा त्याच्याही आधीचा. लोम्ब्रोझोची चूक साधी होती. त्याने तुरुंगातली माणसे बारकाईने मोजली, तुरुंगाबाहेरची तितक्या काळजीने मोजली नाहीत. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातील डॉक्टराने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली, त्यांची तुलना विद्यार्थ्यांशी आणि सैनिकांशी केली, आणि १९१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केला, की गुन्हेगाराची वेगळी शारीरिक जात सापडत नाही. त्याच्या दोन वर्षे आधी आपल्याकडे जमातीच्या जमाती नोंदवून त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा कायदा झाला होता!

आता शिक्षेकडे वळू. मेकॉले ज्या समितीत होता तिने १८३८ मध्ये हिंदुस्थानातील तुरुंगांचे धोरण सांगितले. कैद्यांना रस्त्याच्या कामावर बाहेर नेऊ नये, त्यांना कंटाळवाणे, एकसुरी काम द्यावे, म्हणजे धाक बसेल. सुधारणेच्या कल्पना समितीने बाजूला सारल्या. ऐंशी वर्षांनी, १९१९-२० च्या कारागृह समितीने कैद्याची सुधारणा हेही तुरुंगाचे उद्दिष्ट मानले.

मग सुधारणा म्हणजे काय? सोलापूरची सेटलमेंट पाहा. तारेच्या कुंपणाच्या आत नोंदलेल्या जमातींची कुटुंबे ठेवलेली. स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी मुंबई इलाख्यातल्या अशा वसाहतींचा प्रमुख होता. वसाहतीत शाळा होती, गिरणीत काम मिळे, वागणूक चांगली दिसली की कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत जाता येई. काही कुटुंबे तिथे स्थिरावली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण हजेरी चुकली की गुन्हा, परवान्यावाचून बाहेर गेले की गुन्हा. १९२४ च्या कायद्याप्रमाणे सहा वर्षांवरील मुलाला आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवता येत असे. त्या मुलाने काहीही केलेले नव्हते. आपण रोज सकाळी हजेरी घेतो, तेव्हा हा शब्द काही घरांत कसा ऐकू येत असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

याच्या अगदी उलट एक प्रयोग १९३९ मध्ये औंध संस्थानात झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते, ज्यांना भारतानंद म्हणत, यांनी आटपाडीजवळ खुनासारख्या गुन्ह्यात सजा झालेल्या कैद्यांना शेतीवर आणून ठेवले. भिंत नव्हती. जागेचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची आणि ते त्याच माणदेशातले. पडद्यावर कैदी सहा आणि एकटे आहेत. खऱ्या स्वतंत्रपूरची खूण अशी, की तिथे कैदी बायकामुलांसह राहतो आणि स्वतःच्या वाट्याची जमीन कसतो. पुढे येरवडा आणि पैठण येथेही खुली कारागृहे निघाली.

अशा ठिकाणी थोडे कैदी पळतात म्हणून ही पद्धत सिद्ध झाली, असे मात्र म्हणू नये. खुल्या कारागृहात चांगल्या वर्तनाचेच कैदी निवडून पाठवतात. निवडलेल्यांची तुलना न निवडलेल्यांशी करणे ही लोम्ब्रोझोचीच चूक उलट बाजूने होईल. स्वतंत्रपुराने दाखवले ते एवढेच, की खून केलेल्या माणसालाही जमीन, घर आणि विश्वास देऊन पाहता येते, आणि त्याने संस्थान बुडत नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये काढून टाकला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात निदान जमात नव्हे तर एकेका माणसावर सिद्ध झालेले गुन्हे मोजायचे होते.

कातकऱ्यांची आजची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. कर्जत-खालापुरातल्या कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. गावठाण म्हणून त्यांची नोंद नाही. औंधच्या राजाने खुन्याला जे दिले, ते काहीही न केलेल्या या माणसांच्या झोपडीखाली अजून आलेले नाही. जमिनीला भाव आल्यापासून तर काही वाड्यांभोवती मालकांनी तारेचे कुंपण घालायला सुरुवात केली.

वाडीत जाणे होईल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कात कसा पाडत हे विचारून पाहा. मडके केवढे, ढलपे किती वेळ उकळायचे, थंड कुठे करायचे, हे मुलांना लिहून घेऊ द्या. कामाचे शब्द त्यांच्याकडून नेमके मिळतील. ते पाठ्यपुस्तकात नाहीत.