साउंडबार की होम थिएटर? खान्देशातल्या घरात काय चालतं, काय नाही

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्यात खिडक्यांमध्ये कुलर बसतात आणि त्याबरोबर टीव्हीचा आवाजही चढू लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कुलर सकाळपासून रात्रीपर्यंत 'फुल'वर. मग घरोघरी एकच खेळ सुरू होतो. पात्रं बोलायला लागली की रिमोट शोधून आवाज वाढवायचा, हाणामारी किंवा गाणं आलं की घाईघाईने कमी करायचा. "काय म्हणाला तो?" हे आजीच विचारते असं नाही, सगळेच विचारतात.

यावर तोडगा म्हणून लोक जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर चौकशीला जातात. तिथे समोर दोन पर्याय येतात. एक म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी, साउंडबार. दुसरा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, पाच-सहा स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं, होम थिएटर. दुकानात चर्चा वॅटवर आणि डिस्काउंटवर होते. पण निर्णय खरं तर घरी, तुमच्या बैठकीच्या खोलीत होतो.

संवाद जातात कुठे?

आजचे टीव्ही इतके पातळ आहेत की पुढच्या बाजूला स्पीकर बसवायला जागाच उरत नाही. बहुतेक टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. ताकद साधारण १० अधिक १०, म्हणजे २० वॅट. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो.

त्यात कुलर. त्याच्या पंख्याचा घोंगाट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. बोलण्यातला अर्थ मात्र बराचसा 'स', 'श', 'त', 'फ' अशा व्यंजनांवर अवलंबून असतो आणि ही व्यंजनं आवाजात सगळ्यांत दुबळी. कुलर नेमका त्यांनाच गिळतो. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. वयोमानाने वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, त्यामुळे आजी-आजोबांना हा त्रास दुप्पट.

तिसरं कारण सिनेमाच्या ध्वनिमिश्रणात आहे. ५.१ मध्ये पाच मुख्य चॅनेल असतात: समोर डावा, मधला आणि उजवा, शिवाय बाजूचे किंवा मागचे दोन. '.१' म्हणजे फक्त खालच्या ढमढम आवाजासाठी सबवूफर. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असल्याने तो पाचही चॅनेल त्या दोघांत कालवतो. संवाद, पार्श्वसंगीत, गाड्यांचे आवाज, सगळ्यांची एकच खिचडी.

म्हणून तुमची मुख्य तक्रार 'बोललेलं कळत नाही' ही असेल, तर तुम्हाला मागचे स्पीकर नकोच आहेत. तुम्हाला चांगला सेंटर स्पीकर हवाय. ज्या साउंडबारवर '३.१' लिहिलेलं असतं, त्यात संवादासाठी वेगळा मधला स्पीकर असतो. '२.१'मध्ये तो नसतो. अर्थात २.१ चा बारही टीव्हीपेक्षा बरा, कारण त्याचं तोंड निदान तुमच्याकडे असतं. पण दोघांच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर तो फरक द्यावा.

आधी टाळी वाजवून बघा

खान्देशातली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात गार आणि आवाजालाही मऊ. आता आपण राहतो ती घरं म्हणजे वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर आणि काचेच्या खिडक्या. या सगळ्या पृष्ठभागांवरून आवाज चेंडूसारखा उसळतो.

बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागे 'ट्यँऽऽ' अशी शेपटी ऐकू आली, तर महागातली यंत्रणाही तिथे गोंगाटच करेल. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली पूर्ण रिकामी असेल, तर सॅबिनच्या सूत्राने हिशेब केल्यास आवाज विरायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणजे एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्यावर येऊन पडतं. त्याच खोलीत जाड पडदे, गादीचा दिवाण, खाली सतरंजी आणि चार माणसं आली की हा काळ एका सेकंदाच्या आत येतो. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि दुकानात तो कुणी सांगत नाही, कारण दुकानात सतरंज्या विकत नाहीत.

याच खोलीची आणखी एक खोड आहे. प्रत्येक खोलीत काही खालचे सूर आपोआप फुगतात. १२ फूट लांबीला साधारण ४७ हर्ट्झ आणि १० फुटाला साधारण ५६ हर्ट्झ. १० बाय १२ च्या खोलीची उंचीही १० फूट असेल, तर ५६ चा सूर रुंदी आणि उंची अशा दोन्हींकडून फुगतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवलात तर ही घुमारी आणखी वाढते. लोक तिला 'मस्त बेस' म्हणतात. संवादाचा चिखल होण्यात तिचाही वाटा असतो. वूफर कोपऱ्यातून दोन-तीन फूट सरकवून बघा, फरक लगेच कळेल. वर पत्रे असतील तर वूफर जपूनच वाढवा, पत्रा स्वतःच वाद्य होतो.

'होम थिएटर' नावाचा घोळ

आपल्याकडे एक वूफर आणि चार डबे दिसले की त्याला होम थिएटर म्हणतात. इथेच सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात.

खऱ्या ५.१ साठी आवाजाचे सहा वेगवेगळे प्रवाह स्पीकरपर्यंत पोहोचायला हवेत. ते एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वायरीतून येतात. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक '५.१' संचांना फक्त ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि ऑक्स असतो. ऑक्सच्या पिनमधून दोनच चॅनेल जातात, टीव्हीच्या ब्लूटूथचंही तेच. म्हणजे पाच स्पीकर वाजतात, पण तेच दोन आवाज पाच ठिकाणांहून. मागच्या स्पीकरमधून हेलिकॉप्टर यायच्या ऐवजी नायकाचे संवाद येतात. गणपतीत, हळदीच्या रात्री गाणी लावायला असा संच उत्तमच. तो सिनेमासाठी घेतला असेल तर मात्र फसगत झाली म्हणायची.

वॅटचंही तसंच. डब्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारांत आकडा छापलेला असतो. त्याला काही अर्थ नाही. 'आरएमएस' बघा, आणि तोही पटत नसेल तर अडॅप्टर उलटा करून वाचा. १८ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार होतो ३६ वॅट. भिंतीतून ३६ वॅट घेणारं यंत्र सलग १०० वॅटचा आवाज देऊ शकत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला '४४४०' आयसी माहीत असते. वर्षानुवर्षं लोकल अ‍ॅम्प्लिफायर तिच्यावर बनले आणि स्टिरिओत ती चॅनेलमागे साधारण ६ वॅट देते. एका खोलीला तेवढंही बऱ्यापैकी पुरतं, हे त्या हजारी आकड्यांपुढे कुणाच्या लक्षात येत नाही.

खरं होम थिएटर, म्हणजे एव्ही रिसीव्हर आणि सुटे स्पीकर, हे वेगळंच प्रकरण आहे. त्याला जागा लागते. पुढचे दोन स्पीकर तुमच्या नजरेच्या रेषेपासून साधारण ३० अंश डावी-उजवीकडे, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. आता आपल्या हॉलचं चित्र बघा. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाहेरचं दार, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि तिच्यात कुलर. कानांच्या मागे भिंतच आहे, स्पीकर ठेवणार कुठे? दिवाण दीड-दोन फूट पुढे घेता येत असेल आणि वायर दारासमोरून जात नसेल, तरच या वाटेला जावं. ते जमलं, तर कोणताही साउंडबार त्याची बरोबरी करू शकत नाही, हेही तितकंच खरं.

साउंडबारची हुशारी आणि तिची हद्द

काही महागडे साउंडबार आवाज बाजूच्या भिंतींवर फेकून मागून आल्याचा भास निर्माण करतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना भिंत लागते. एका बाजूला उघडा पॅसेज असेल तर तिकडचा आवाज स्वयंपाकघरात जातो आणि परत येत नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉसचे वर तोंड केलेले स्पीकर छतावरून आवाज परतवतात. त्यांना सपाट, कडक, साधारण साडेसात ते बारा फुटांवरचं छत हवं असतं. संवादाची वाट लावणारा आपला स्लॅब इथे मात्र फर्स्ट क्लास कामाला येतो. उतरता पत्रा असेल तर अ‍ॅटमॉसचे जास्तीचे पैसे देऊ नका.

मधला मार्गही आहे: साउंडबार, वूफर आणि मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर असा ५.१ संच. हल्ली तो बराच खपतो. यातले काही मागचे स्पीकर 'वायरलेस' म्हणवतात, पण त्यांना विजेची पिन लागतेच. दिवाणाच्या मागे बोर्ड आहे का, हे आधी बघा.

आणि काहीही घेतलंत तरी दोन गोष्टी तपासा. टीव्हीमागच्या ज्या एचडीएमआय खाचेजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय, तिथेच वायर लावायची. शिवाय टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर बहुतेक टीव्ही दोनच चॅनेल बाहेर सोडतात. तिथे 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू' करा. पाचही स्पीकर असून वर्षभर स्टिरिओच ऐकणारी घरं यामुळेच असतात.

तुम्ही काय बघता, याचाही विचार व्हावा. ओटीटीवरच्या अनेक नव्या सिनेमांना ५.१ आवाज असतो. पण यूट्यूबवरची अहिराणी गाणी, कॉमेडी व्हिडिओ, कीर्तनं, बातम्या हे जवळपास सगळं स्टिरिओ. दिवसाचे चार तास हेच चालत असेल, तर मागचे दोन स्पीकर शोभेचे. उलट गाण्यांचीच आवड असेल तर दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर ही जोडी त्याच पैशांत साउंडबारपेक्षा गोड वाजते. हा तिसरा पर्याय दुकानदार क्वचितच पुढे करतात.

वीज, इन्व्हर्टर आणि 'हूंऽऽ'

लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवला की गुणगुण येते. ती बिघाडाची खूण नाही, विजेच्या लहरीचा आकार तसा असतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती येत नाही. वीज असतानाही 'हूंऽऽ' येत असेल तर छत्रीची किंवा केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे, स्पीकरमध्ये नाही. रिसीव्हर उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये कोंबू नका, वर चार बोटं तरी मोकळी जागा ठेवा.

दुरुस्तीत जुन्या पद्धतीचं पारडं जड आहे. सुट्या संचातला एक स्पीकर गेला तर तेवढाच बदलतो. साउंडबारचा मुख्य बोर्ड गेला आणि वॉरंटी संपलेली असली, तर अख्खी पट्टीच निकामी होऊ शकते.

घर बांधताय?

जळगावात पिंप्राळ्याकडे, धुळ्यात देवपूरकडे नवी घरं उभी राहताहेत. तुमचंही काम चालू असेल तर प्लास्टरच्या आधी इलेक्ट्रिशियनला सांगून टीव्हीच्या भिंतीपासून मागच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रिकामा एक इंची पाइप टाकून घ्या. लाइटच्या वायरी त्यातून नेऊ नका. खर्च किरकोळ, आणि पाच वर्षांनी होम थिएटर घ्यावंसं वाटलं तर भिंत फोडावी लागत नाही. स्पीकर आजच घेण्याची गरज नाही.

माळ्यावर डीव्हीडीच्या काळातला ५.१ डबा पडलेला असेल तर तोही एकदा उतरवून बघा. मागे 'ऑप्टिकल' लिहिलेली चौकोनी खाच असेल, तर एका वायरीवर तो आजच्या टीव्हीला जोडता येतो आणि टीव्हीने डॉल्बी डिजिटल दिलं तर खराखुरा ५.१ वाजतो.

बसक्या भिंतींच्या रो-हाउसमध्ये राहणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खासगी जागेतला आवाज हद्दीवर त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाऊ नये. भिंतीपलीकडे आधी पोहोचतो तो बेसच. साउंडबारवर 'नाइट मोड' असेल तर तो मोठे आवाज दाबतो आणि बोलणं वर आणतो. दिवसा कुलर चालू असतानाही तोच लावून बघा.

दुकानात डेमो नेहमी स्फोटाच्या सीनवर, मोठ्या आवाजात देतात. तुम्ही आवाज निम्म्यावर आणायला सांगा, दोन माणसं हळू बोलत असलेला प्रसंग लावायला सांगा आणि दुकानातला पंखा बंद करू देऊ नका.